ओझोन, वारा आणि तुमचा तंबू

ती. स्व. मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (अंगण ओलं असेल तर आशीर्वाद उभ्यानेच द्यावा, वाकू नये.) तुमचे गुडघे कसे आहेत हे विचारत नाही. भूकंपापासून तंबूत झोपणाऱ्याचे गुडघे कसे असतात, ते मामीने फोनवर सविस्तर सांगितलं. तुम्ही म्हणे रोज सकाळी नाक वर करून ओझोन हुंगता आणि वास आला की मामीचीही खाट बाहेर ओढता. मामा, तो फिनेलचा वास आहे. मामी लादी पुसते. ओझोन असा नाकाने कळला असता तर आमच्या प्रयोगशाळेत यंत्राऐवजी तुम्हालाच बसवलं असतं.

हे खूळ आमच्या साहेबांनी तुमच्या डोक्यात भरलं, हे मी जाणते. धक्क्याच्या आदल्या दिवशी माझ्या यंत्रावर ओझोन वाढला होता, हे खरं. साहेबांनी लगेच वर्तमानपत्राला सांगून टाकलं, की खडक ताणले गेले, जमिनीतून ओझोन निघाला, आता भूकंप आधीच कळणार. (बातमीतल्या फोटोत साहेबांनी ज्यावर ऐटीत हात ठेवलाय ते यंत्र नव्हे, आमचा वॉटर कूलर आहे.) मी मात्र वाऱ्याची वाट मागे मागे शोधत गेले. ती हवा उत्तरेकडून, फार उंचावरून खाली उतरत आली होती, आणि तिथे वर ओझोन मुळातच जास्त असतो. वाटेतल्या दुसऱ्या मोजणी केंद्रावर तो आमच्याही आधी वाढला होता आणि तिथे कपबशीसुद्धा हलली नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच. साहेब म्हणाले, वाऱ्याचं पान अहवालातून काढा आणि सही करा, नाहीतर क्वार्टर सोडा. मी म्हटलं, पान काढलंत तर सही विसरा. वाऱ्याने आणलेलं मी जमिनीच्या नावावर लावणार नाही, मग कुणी कितीही आदळआपट करो.

तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीचा तडा आधी गवंड्याला दाखवा आणि मग मुकाट्याने घरात झोपा. (पुन्हा भूकंप येणार नाही असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येत नाही, साहेबांना तर नाहीच.) घाबरायचंच असेल तर त्या तड्याला घाबरा. माझ्या आकड्यांना उगाच भिऊ नका.

तुमची हट्टी भाची
(हट्ट आजोळचाच आहे.)

ता. क. हे पत्र मामीने लिहायला लावलं, हे मी सांगितल्याचं तिला कळू देऊ नका.

ता. क. २. सही केली नाही. सोमवारी क्वार्टर सोडते आहे. वर लिहिलेलं सगळं खरं, पण तंबू एवढ्यात मोडू नका, त्यात एक खाट माझी लावा. कुणी विचारलं तर सांगा, भाचीला घराबाहेर ओझोनने नाही, साहेबांनी काढलं.