दोमितिलाची यापा

१० ऑगस्ट, शनिवार

मागच्या खेपेला काय सांगितलं ते विसरलीस ना, वहीतल्या पानबाई? विसरणारच! अक्षरं तुझ्याकडे, आठवण माझ्याकडे – अशी वाटणी आहे आपली. पुन्हा सांगते. दोमितिला माझी कासेरा. मी तिला कासेरा म्हणते, ती मला. आमच्या पुनोच्या बाजारात विकणारी आणि घेणारी एकमेकींच्या झाल्या की दोघींना नाव एकच. येनीच्या आईचं लग्न व्हायचं होतं, तेव्हापासून ती दुसऱ्या कुणाच्या बटाट्याला शिवलेली नाही.

(नात माझी, येनी, लिहिते आहे आणि हसते आहे. जसं बोलते तसंच लिही गं. शहाणपणा नको.)

आजपासून मीही फोनवर पैसे घेते! एक लालभडक ओठांची बाई आली. कधी पाहिलेली नाही. किलोभर बटाटे घेतले आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला कुणी आणलं म्हणून फोन एक आकडा विचारतो. माझा घाला ना, दोघींना बक्षीस मिळतं." मला कुठे वाचता येतंय? फोनच दिला तिच्या हातात. टिंग! ती खूश, मी खूश. वर दोन बटाट्यांची यापाही घातली तिला, मापावरची फुकटची भर.

१७ ऑगस्ट, शनिवार

दोमितिला आली. चढ चढून धाप लागली होती. मी म्हटलं, "म्हातारी झालीस!" ती म्हणाली, "तू काय काल जन्मलीस? आण तो फोन. माझा आकडा घालते. सांगितलं होतं ना, माझाच घालायचा म्हणून."

चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "कुणाचा तरी घातलाय आधीच."

"मग तुझाही घाल!"

"एकदाच घालता येतो, साबिना."

साबिना! एवढ्या वर्षांत मला नावाने हाक मारली नव्हती तिने.

मला काय ठाऊक? मला वाटलं, आकडाही यापासारखाच – येईल तिच्याही पदरात मूठभर. पण बाजारात म्हणे आता रीतच पडली आहे. पहिला आकडा आपल्या कासेराचा. परकीचा घातला म्हणजे भर बाजारात तिला परकी केलं.

बटाट्यांचे पैसे देऊन गेली. मी घातलेली यापा पोत्यावर ठेवून गेली. मूठभर चुन्यो, तिच्या आवडीचा, थंडीत गोठवून वाळवलेला बटाटा. सगळ्यांसमोर ठेवून गेली! तोंडावर थुंकली असती तर पुसून तरी टाकलं असतं.

२४ ऑगस्ट

आली नाही. तिची यापा काढून फळीखाली ठेवली.

३१ ऑगस्ट

आली नाही. रुसू दे! चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. रुसवा काही एवढा टिकायचा नाही. आणखी एक मूठ ठेवली.

लालभडक ओठांची आली होती. भाव विचारला, नाक मुरडलं आणि समोरच्या बटाटेवालीकडे गेली. बघ, हिच्यासाठी!

१४ सप्टेंबर

मी कशाला जाऊ तिच्या दारात? येनीला धाडलं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, लेकीकडे गेली, आरेकिपाला. एका आकड्यासाठी गाव सोडलं! असली हट्टी बाई पाहिली नाही मी. (आरशात पाहा, म्हणते येनी. हे लिहू नकोस. लिहिलंस?)

२८ सप्टेंबर

आज मासेवाली हिल्दा काय सांगून गेली, ते सांगायला जीभ रेटत नाही.

म्हणाली, "बक्षिसाचं काय घेऊन बसलीस? ती आजारी होती. औषधपाण्यासाठी लेकीकडे जायचंच होतं तिला. मला म्हणाली होती, माझा आकडा घालून दिला की मी कासेराच्या फोनमध्ये राहीन. ती वाचणारी नाही, पण मी आत आहे एवढं तर कळेल तिला."

आणि मी आत कुणाला घेऊन बसले? जिचं नावही विचारलं नाही, तिला.

येनी म्हणते, असं काही राहत नसतं गं फोनमध्ये. तू गप्प बस. आम्हा दोघींना जे खरं वाटतं, ते खरं.

२९ सप्टेंबर

जेवले नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

फळीखाली आता चांगला ढीग झाला आहे. एकाने विचारलं, "तो केवढ्याला?" म्हटलं, विकायचा नाही. गिऱ्हाईक आहे त्याला. बाहेरगावी गेलंय.

२९ ऑक्टोबर

सकाळी फोन बोलला. पैसे आले की तो मोठ्याने नाव सांगतो – "दोमितिला यांनी पैसे पाठवले!" मी ताडकन उठले. येनीने माझ्या पाटीवर रंगवलेला नंबर शेवटी उपयोगी पडला! हिल्दाला ओरडून सांगितलं, "आली की नाही शरण? आली की नाही!"

येनीने खालचा मजकूर वाचला. लेकीने लिहिला होता, आईच्याच फोनवरून. आई मागच्या महिन्यात गेली. तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'माझी कासेरा' म्हणून होता. एक तारखेला मृतांसाठी ताट मांडायचं आहे, तिला आवडायचं ते थोडं पाठवाल का?

पुरे आता लिहिणं, येनी. ऊठ. संध्याकाळची बस गाठायची आहे. पैसे परत कर तिला. पिवळे, पिठूळ बटाटे घाल, तडकलेला एकही नको. बारीक काळा चुन्यो घाल. आणि फळीखालची तिची यापा – सगळी. फडक्यात वेगळी बांध. ताटात शेवटी घाला म्हणावं, वरून.