विहिणीचा आवाज

२ डिसेंबर
बेल्याहून उटनूरले आली. नातीनं, अश्विनीनं, बसस्टँडवरच मिठी मारली, शिदोरीच्या भाकरी चिरडल्या. खोल्या दोनच, पण नळाले पाणी हाय. मी लय खूश. ही वही तिनंच देली. म्हणे आजी, तुही दुसरीपर्यंतची शाळा गंजून राह्यली, रोज लिहीत जा.

घरमालकीण तेलुगू. मले पाहून नानम्मा, नानम्मा करू लागली. मी तोंड फिरवलं. नानी म्हणजे आईची माय, ते ती द्वारकाबाई, माझी विहीण. मी बापाची माय. अश्विनी पोट धरून हासली. म्हणे तेलुगूत नानम्मा म्हणजे बापाचीच माय. आईची माय ते अम्मम्मा. मग मालकिणीले वाटीभर चिवडा देला.

४ डिसेंबर
अश्विनी कंप्युटरवर लायब्ररी बनवते. पुस्तक एकही नाही. न शिकलेल्या माणसाले फोनातलं लिहिलेलं आपल्या बोलीत वाचून दाखवते म्हणे ते. कोणीही फुकट घ्यावं. देवाच्या नावानं गोऱ्हा सोडतात तसं. एकदा सोडला की साऱ्यांच्या वावरात चरते, परत दावणीले येत नाही. आता त्याचंच सुधारलेलं नवीन सोडायची तयारी चालू हाय.

अन् त्यात आवाज कोणाचा? द्वारकाबाईचा! पोळ्याले वारली, तरी गावोगावच्या फोनातून बोलून राह्यली. जिवंतपणी दर बोलण्याले शेपूट लावायची, बरं का माय. अश्विनीच्या बापाच्या लग्नात माझ्या लुगड्याले चारचौघीत हात लावून म्हणे, सूत जाडं हाय, बरं का माय. ते लुगडं मी मुद्दाम संग आणलं.

७ डिसेंबर
नव्यात माझा आवाज! दिवसभर माईकसमोर बोलली, कापूस, करडी, दवाखाना, बैल. गळा बसला, मन गार झालं. पण अश्विनी म्हणे दोघींचेही ठेवू. मी ताटावरून उठली. ती समजावून राह्यली, जुना काढला तर त्यावर ज्यांचं काम टेकलं त्यांचं मोडते, अन् नानीचं तेवढंच उरलं हाय. तिच्या डोळ्याले पाणी आलं. त्या पाण्यानंच मी जळली. माझ्यासाठी आलं असतं का?

शेवटी जुना आवाज पुसून टाकला तिनं. मुळातलं रेकॉर्डिंगही. मग मी दोन भाकरी खाल्ल्या.

९ डिसेंबर
आज तपासणी. कंप्युटर माझ्या आवाजात वाचे, बस पाचले येते. अन् मांगून म्हणे, बरं का माय. ते कोणी लिहिलंच नव्हतं. अश्विनीनं सारं धुंडाळलं, सापडेना. म्हणे तुह्याच तोंडून निघालं असन. मी काऊन म्हणीन ते? मग पुन्हा वाचलं तर नीट. उद्या सोडणार हाय. चहात आलं जास्त झालं, बरं का माय.

१० डिसेंबर
सोडलं. दूरदूरची माणसं कळवून राह्यली, आजीचा आवाज गोड हाय. अश्विनीनं पेढे आणले.

कालचं आता वाचलं. ती आल्याची ओळ. अक्षर माझं हाय. मी नाही लिहिली.

११ डिसेंबर
भाजीवालीले वांग्याचा भाव पुसला, तर ते शेपूट तोंडातून — दात आवळले तरी निघालं. मालकिणीनं भिंतीपलीकडून ऐकलं. मले पाहिलं नव्हतं. तिनं हाक मारली, अम्मम्मा. चुकली असन. पण तिची मायबोली, ती कशी चुकन —

१२ डिसेंबर
अश्विनीले म्हटलं, परत आण. म्हणे आजी, गोऱ्हा तूच म्हणत होती ना. मी हात जोडले. मग द्वारकाबाईचा जुना आवाज तरी ठेव, तिले तिची जागा दे. म्हणे तूच पुसायले लावला, नवं उतरलं तसा लोकांच्या फोनातलाही गेला, आता कुठून आणू.

मी बोलतच होती. ती एकदम माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मग गळ्यात पडली. बसस्टँडवर पडली त्याहून घट्ट.

"नानी, तू आली," म्हणे.

मी म्हटलं, मी कौशल्या — पण आवाज —

१३ डिसेंबर
अश्विनी खूश हाय. माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजली. असं माझ्या मांडीवर ती कधीच —

मी कौशल्याबाई. बेल्याची. बापाची माय. बापाची —

हे लुगडं मी कवा नेसलं — हात फिरवते — माझाच हात — सूत जाडं हाय, बरं का