फासा आधी मिठाच्या पाण्यात

धनराजा, हे वाचून तू पहिल्यांदा काय म्हणशील ते मला माहीत आहे. "मायनं असं कधी सांगतलंच नाई." सांगितले होते. तू हो म्हणालास आणि अंगणभर चप्पल शोधत फिरलास, जी तुझ्या पायातच होती. म्हणून या वेळी कागदावर सांगते. विसरलास तर पुन्हा इथपासून वाचायला सुरुवात कर.

मी रुखमा झिंगू शेंडे, राहणार मौजा पेंढरबोडी, तालुका चिमूर, जिल्हा चंद्रपूर. वय आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर. खरे किती ते ज्यांना ठाऊक होते ते गेले. माझे डोके जागेवर आहे. शंका असेल त्याने गावातल्या कोणत्याही लग्नात कोणी काय आहेर केला ते मला विचारावे. मला कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर त्याचे नाव इथेच लिहून घेतले असते.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, देवराव गुरुजी लिहितात. माझी बोली त्यांनी सरळ केली तरी हरकत नाही, टोमणे सरळ करू नयेत. लिहून झाल्यावर हा कागद आधी आशाबाई मला वाचून दाखवेल आणि ती घरी गेल्यावर मनसारामभाऊ वाचून दाखवेल. कुंपणाच्या भांडणापासून त्या दोघांचे बोलणे बंद आहे, म्हणूनच त्यांना साक्षीदार घेतले. ज्यांचे पटते ते मिळून एखादी ओळ गाळू शकतात. हे ऐकून गुरुजींना राग आला आहे. तेही लिहावे.

याआधी मी कोणताही कागद केलेला नाही. माझ्या पश्चात कोणी काढून दाखवला तर अंगठा नीट पाहावा. माझ्या डाव्या अंगठ्यावर विळ्याची आडवी खूण आहे. ती नसेल तर तो अंगठा माझा नाही, आणि कोणाचा असेल याचा मला अंदाज आहे.

कलम पहिले. तलावाखालची धानाची बांधी मुलगा धनराज याला द्यावी. पाणी तिला सगळ्यात आधी मिळते. मायने काही दिले नाही असे त्याने नंतर चौकात म्हणू नये.

कलम दुसरे. माझ्या नवऱ्याचे फेकजाळे आणि झिंगे धरायच्या टोपल्या याही धनराजच्या. जाळे फाटले आहे. ओवायला शिकवले होते, विसरला असेल.

कलम तिसरे. माझा डफ नातीला, म्हणजे मुलगी प्रेमिला हिची मुलगी दिव्यानी हिला द्यावा. हा डफ घेऊन मी या पंचक्रोशीतल्या लग्नांत वरपक्षाला टोमण्यांची गाणी म्हटली. मांडवात जेवायला बसलेल्या व्याह्याचे नाक, त्याचे धोतर, त्याची कंजूषी, सगळे गाण्यात घालायचे. लोक मला त्यासाठी बोलावणे धाडत. प्रेमिलाच्या लग्नात मीच गायले. तिची सासू तेवढी हसली नाही. पुढे पोरगी माहेरी परत आली तेव्हा ती बाई सांगत फिरली, "मायच्या तोंडापायी पोरीचं वाटोळं झालं." तिच्या मुलाच्या हाताबद्दल ती काही बोलली नाही. त्या बाईवरचा राग मी कोणालाही देत नाही. तो माझ्यासोबत येईल.

कलम चौथे, घर. इथे धनराज सरसावून बसेल, म्हणून सावकाश सांगते.

घर नवऱ्याने हयातीतच माझ्या नावावर केले. मागची खोली माझी. समोरच्या खोलीत प्रेमिला शिलाई मशीन चालवते, आणि दिव्यानी सुट्टीत आली की तिथेच असते. धनराजचे पक्के घर रस्त्यावर आहे. सिमेंट-सळईचे दुकान काढायचे त्याने मनात घेतले आहे आणि त्याला माझी समोरची खोली हवी आहे. तो म्हणतो, "मायलेकी मागं सरकतील. तू गेल्यावर त्यांचं काय ते पाहू." त्याचे काय ते पाहणे मी ओळखून आहे. माझी राख थंड होण्याआधी मशीन अंगणात येईल.

अशात या दिवाळीला दिव्यानी नागपूरच्या कॉलेजातून आली आणि येताना थैलीत फासे घेऊन आली. आजीने काय समजायचे? जुगार. पैसे कुठे लपवतात ते पाहायला मी शेजारी जाऊन बसले. पैसे नव्हते. मग तर जास्तच शंका आली.

तो खेळ असा आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, ती दिव्यानी. बाकीचे गोष्टीतली माणसे होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जमले की फसले ते फासा ठरवतो. फाशाला वीस बाजू. वीस पडला तर फत्ते, एक पडला तर फजिती. धनराजचा मुलगा निकेश तलवारवाला झाला. मनसारामची नात उर्वशी जादूगारीण झाली. मला म्हणाले, "आजी, तू पण ये."

"उरलं काय हाय?" मी विचारले.

"बार्ड उरला. गाणारी. पण तो कोणीच घेत नाई, आजी. धड तलवार नाई, धड जादू नाई. नुसता मागं उभा राहून गाते," निकेश म्हणाला.

जे सगळे सोडून देतात त्यात काय खोट आहे ते पाहावे, म्हणून मी तेच घेतले. खोट सापडली नाही. आता जे सांगते ते गुरुजींनी नीट लिहावे, कारण निकेश अजूनही म्हणतो की बार्ड म्हणजे ओझे.

पहिली गोष्ट, गाणारीचा टोमणा हे हत्यार आहे. नियमातच तसे आहे. राक्षसाला झोंबणारे बोलले आणि फासा बरा पडला, तर त्याला जखम होते आणि पुढचा घाव घालताना त्याचा हात डगमगतो. हे ऐकून मी दिव्यानीला म्हटले, "हे तं मी फुकटात करत होती." दुसरी गोष्ट, तिला सगळ्यातले थोडे थोडे येते. कुलूप उघडते, पहारेकऱ्याशी गोड बोलते, खोटे रेटून बोलते. तलवारवाल्याची तलवार पडली की तो उघडा पडतो. हिचे तोंड कुठे पडणार? तिसरी गोष्ट, ती आपल्याकडचा एक जास्तीचा फासा दुसऱ्याला देऊ शकते. धीर देते म्हणायचे. ज्याला दिला त्याने तो अडचणीच्या वेळी वापरायचा. आणि ज्या गोष्टीवर पोरे हसतात ती माझ्या मते सगळ्यात मोठी: ती मागे उभी असते. मागे उभ्या असणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या पाठी दिसतात.

मी निकेशची पाठ पाहत होते. पोरगा रोज संध्याकाळी समोरच्या खोलीत यायचा, खेळायचा, आणि मधूनच भिंतीकडे बघायचा. बापाने खोली मोजायला धाडला, असे मी धरून चालले. त्याचा फासाही मला बरा वाटत नव्हता. पुढे पुढे तर माझ्या टोमण्याने राक्षस लोळायचा, उर्वशीचा विस्तव पेटायचा, आणि मी बघायची ती निकेशच्या मुठीकडे. बापाचा पोरगा फासा सरळ कसा टाकील?

धान पेरायच्या आधी आपण बियाणे मिठाच्या पाण्यात टाकतो. भरलेला दाणा खाली बसतो, पोचट वर येतो. माझ्या मनात आले, फाशाला हेच लावावे. पोरे तलावावर गेली होती तेव्हा गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, पाणी घेतले. अंडे तरंगेल एवढे मीठ टाकले. फासा खालीच. मग मिठाचा डबाच उलटा केला, तेव्हा कुठे फासे वर आले. प्रेमिला म्हणाली, "माय, एवढ्या मिठात लोणचं झालं असतं." सरळ फासा पाण्यात बोटाने फिरवला की दर वेळी वेगळी बाजू वर करतो. वाकडा फासा घोळून घोळून तीच बाजू दाखवतो.

निकेशचा फासा सरळ निघाला. उर्वशीचाही सरळ. माझा फासा दर वेळी वीस दाखवून हसत होता.

मी पोरांना बोलावले. गंज मध्ये ठेवला.

"हा फासा मले कोणं देल्ला?"

दिव्यानी निकेशकडे बघायला लागली. निकेश पायाच्या बोटाने जमीन उकरत बोलला.

"मीच देल्ला, आजी. त्याच्या पोटात बुडबुडा हाय. दुकानातूनच तसा आला."

"काऊन देल्ला?"

"पहिल्या दिवशी तुले सारखा एकच पडे. तू म्हणत होती, मी उठतो. तू उठली असती तं खेळ मोडला असता."

"मोडला असता तं काय, तुह्या बापाचं राज्य गेलं असतं?"

"बाबा सिमेंटच्या थैल्या आणून टाकणार होते ना इथी. मी म्हटलं, आजी खेळून राह्यली, दिवाळी होऊ द्या. ते रोज विचारतात, मी रोज तेच सांगतो."

"अन् भिंतीकडं काय पाहत होता?"

"ओल चढून राह्यली, आजी. मशीन खराब होईल आत्याची."

मला दोन गोष्टींचा राग आला होता. एक, पोरगा खरे बोलत होता असे वाटले. दुसरी, मग माझे टोमणे जे लागत होते ते माझ्या तोंडाने की त्या बुडबुड्याने?

म्हणून मी सरळ फासा मागितला. गोष्टीत आम्ही एका पुलावर होतो आणि पुलावर नाव नसलेला राक्षस. मी त्याला म्हटले, "एवढा मोठा देह, अन् मायनं नाव नाई ठेवलं? का हाक मारली तं येत नव्हता म्हणून सोडून देलं?" पोरे हसली. फासा टाकला. एक पडला. दिव्यानी म्हणाली, "आजी, राक्षसाले समजलंच नाई." राक्षसाने उर्वशीला पुलाखाली फेकले आणि निकेशची तलवार मोडली. पुलापलीकडे ज्यासाठी आलो होतो तो मोहरांचा हंडा समोर दिसत होता. राक्षस उर्वशीकडे वळला होता, वाट मोकळी होती.

माझे गाणे फसले होते, पण धीराचा फासा माझ्याकडे शिल्लक होता. गाणारीचा मोठेपणा इथेच आहे. तिचा स्वतःचा डाव फसला तरी तिने दिलेला फासा फसत नाही. मी तो निकेशला दिला, आणि मुद्दाम बोलले नाही काय कर म्हणून. मागून पाठ पाहत राहिले.

तो हंड्याकडे गेला नाही. दोन्ही फासे टाकून त्याने उर्वशीला पाण्यातून ओढून काढले. हंडा गेला. पोरगा चिडला, पण उर्वशीवर नाही.

तेव्हा घराची व्यवस्था अशी. दोन्ही खोल्या माझी मुलगी प्रेमिला हिच्या, ती जिवंत आहे तोपर्यंत. तिला कोणी मागे सरकवू नये. तिच्यानंतर घर दिव्यानी आणि निकेश यांचे मिळून. एकाने दुसऱ्याला विचारल्याशिवाय विकू नये, भाड्याने देऊ नये, समोरच्या खोलीत सिमेंटची एक थैलीसुद्धा ठेवू नये. हे सगळे पार पाडण्याचे काम निकेशचे. भिंतीची ओल त्यानेच पाहिली आहे, प्लास्टरही त्यानेच करावे.

आता निकेश, तुझ्यासाठी. मला अजून शंका आहे. तू हे सगळे घरासाठीच केले असशील, आजीला ओळखून हंडा सोडला असशील, असेही होऊ शकते. तसे असेल तर तू तुझ्या बापापेक्षा हुशार आहेस आणि घर हुशार माणसाच्या हाती गेले, एवढेच समाधान. म्हणून ही अट: प्रेमिलापुढे कोणीही कागद आणला, तू आणलास तरी, तिने बोलणे बंद असलेल्या दोन माणसांकडून तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. गावात अशी माणसे कमी पडणार नाहीत.

कलम पाचवे. बुडबुड्याचा फासा कोणालाच देऊ नये. धनराज मागेल, कारण त्याला नेहमी वीसच पडावे असे वाटते. तो माझ्या मुठीत ठेवून मला न्यावे. पुढे कोणाशी खेळावे लागेल ते माहीत नाही.

कलम सहावे. माझी बार्ड मेली असे दिव्यानीने गोष्टीत सांगू नये. ती पुढच्या गावी लग्नात गायला गेली असे सांगावे. तिची जागा रिकामी ठेवावी, किंवा प्रेमिलाला बसवावे. तिला बोलता येते, सासरी बोलणे बंद झाले होते एवढेच.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दोन्ही वेळा सारखाच होता. आशाबाईने धनराजबद्दलचे वाक्य हळू वाचले, मनसारामभाऊने मोठ्याने वाचले. शब्द तेच होते. बरोबर आहे म्हणून अंगठा देते.

निशाणी डावा अंगठा: रुखमा झिंगू शेंडे (विळ्याची खूण दिसते, गुरुजींनी पाहिली)

साक्षीदार: आशाबाई नान्हे, सही
साक्षीदार: मनसाराम डहारे, सही (वेगळ्या वेळी, वेगळ्या पेनने)
लिहिणार: देवराव गुरुजी, सही (राग गेलेला नाही)

मौजा पेंढरबोडी, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५

अंगठ्याची शाई पुसता पुसता सांगितलेले, दोन्ही साक्षीदारांना पुन्हा बोलावून त्यांच्या सह्या घेऊन लिहिले: दर दिवाळीला पोरे समोरच्या खोलीत खेळायला बसतील तेव्हा जेवण धनराजच्या घरून यावे, आणि डबा धनराजने स्वतः प्रेमिलाच्या दारी आणावा. तळलेले पाठवू नये. तेलकट हातातून फासा निसटतो आणि मग भांडणे होतात. भात, लाखोरीचे वरण, सुक्या झिंग्यांची चटणी आणि मधे खायला मुरमुरे पाठवावे. मीठ वेगळ्या पुड्यात, भरपूर पाठवावे. ते जेवणासाठी नाही.