भरतीची पाऊणकी

पूर्णगड
२२ जानेवारी २०२५

तीर्थरूप अण्णांना,

दमयंतीचा वाकून नमस्कार. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आलेला कागद वाचल्याशिवाय ठेवत नाही, हे मला माहीत आहे. आईचे गुडघे कसे आहेत? पालीला थंडी बरी पडली म्हणे. इथे स्वेटर अजून पेटीतच आहे.

माझी चौथी मजेत चालली आहे. सतरा मुलं, बहुतेक होडीवाल्यांची. मी फळ्यावर रोज एक चूक मुद्दाम करते, ती मुलांनी शोधायची. सापडली की ती मी ‘चुकांच्या वही’त स्वतःच्या हाताने लिहायची आणि पुढे ‘मुद्दाम’ असा शेरा मारायचा. तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे!

पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात गणित घातलं: भरती रोज बारा वाजता येते, होडी त्यानंतर दोन तासांनी निघते, तर किती वाजता? उत्तर मुद्दाम तीन लिहिलं. सानवी उठली.

“बाई, आज दोन चुका हायत.”

“एकच आहे गं.”

“नाय, दोन. भरती रोज बाराला कशी येल? तशी आली तर आमचो बाबा रोज घरी जेवाक नाय येणार?”

वर्ग खोखो हसला. मी पडले पालीची, माझा समुद्राशी संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. निमूटपणे वहीत लिहिलं आणि सानवीच्या आजोबांना, महिपत तांडेलांना, वर्गात बोलावलं. ते म्हणाले, “तिथीची पाऊणपट करा, भरतीचा टायम गावला.”

मुलांना पाऊणपट कुठून येणार! आणि अण्णा, माझ्या तोंडून तुमची पाऊणकी आपोआप सुरू झाली: एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन... थेट पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणजे भरती सव्वाअकराला! आजोबांनी टाळी दिली. मी डोळे पुसले. पहिल्या बाकावरच्या सूरजला वाटलं डोळ्यात खडू गेला, तो पाणी घेऊन धावला.

पौर्णिमेपासून पाच दिवस आम्ही खुणा केलेला बांबू घेऊन धक्क्यावर गेलो. संक्रांतीची सुट्टी असूनही सगळे हजर, खिशात तिळगूळ. पहिल्या दिवशी पाढा बरोबर निघाला. मग रोज पाचेक मिनिटं मागे पडायला लागला. सव्वाअकराच्या पुढे चार पाऊण तीन तास, म्हणजे चतुर्थीला सव्वादोन, पण पाणी चढायचं थांबलं दोन पस्तीसला.

“मग पाऊणच का धरतात?” मुलांनी विचारलं. मला सांगता येईना. आजोबा म्हणाले, “बापानं सांगितलान, आमी धरला.” सानवीच्या शेजारची संस्कृती म्हणाली, “बाई, तुमाला पाढा ज्यांनी शिकवला त्यांना इचारा ना!”

मी म्हटलं, ते माझ्याशी बोलत नाहीत.

सानवीने लगेच विचारलं, “चूक कोणाची?”

मघापासून हेच लिहायचं टाळते आहे. तुमच्या निवृत्तीच्या सत्काराला, तुमच्या सगळ्या विद्यार्थ्यांसमोर, मी माईकवर म्हणाले, “अण्णांनी आम्हाला पाठ करायला शिकवलं, विचार करायला नाही.” लोक हसले, मला शहाणं झाल्यासारखं वाटलं. तुम्ही शाल खुर्चीवर ठेवलीत आणि चालत घरी गेलात. दोन वर्षं झाली.

तुमच्या वर्गात प्रश्न विचारायची भीती वाटायची, हे मी आजही म्हणेन. पण त्या दिवशी धक्क्यावर सतरा मुलं ज्याच्या जोरावर विचार करत होती, तो पाढा तुमचा होता. ते मी माईकवर बोलले नाही. मला फार वाईट वाटतं, अण्णा.

मुलांना हे सगळं सांगितलं. सानवीने वही पुढे केली. मी लिहिलं. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, “मुद्दाम की खरी?”

बारा फेब्रुवारीला माघी पौर्णिमा आहे. मुलं परत बांबू घेऊन जाणार आहेत. सव्वाअकराच्या आत धक्क्यावर या. पाऊणकी तुम्ही म्हणा, मुलं तुमच्यामागून म्हणतील, आणि मग ‘का’ विचारतील. उत्तर येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा. पहिल्यांदा जड जातं, नंतर बरं वाटतं. तुमची शाल मी जपून ठेवली आहे. धक्क्यावर वारा असतो, घेऊन येते.

वहीत जिच्यापुढे ‘खरी’ असा शेरा आहे, ती चूक करणारी
तुमची विद्यार्थिनी,
दमू