कूलर बंद करून ऐकलेली तोडी

बाई, काल सकाळी मी जिंकले, आणि हे फुशारकी मारत सांगायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला दुसरं सुचेना. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "बरं झालं. चहा टाकू का?" त्याचं तरी काय चुकलं, त्याला सारंगी आणि व्हायोलिन यांतला फरक कळत नाही, चहा मात्र उत्तम जमतो. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझी लेक कॉलेजात आहे. तेव्हा पाकिटावर औरंगाबाद लिहायचो, आता छत्रपती संभाजीनगर लिहितो, आणि पुंडलिकनगरातल्या तुमच्या बैठ्या घराच्या जागी फ्लॅट उभे राहिलेत. म्हणजे पत्र टाकायची सोय तशीही राहिलेली नाही. तरी लिहिते, कारण आनंद पोटात मावत नाही.

तुम्ही शिकवणी स्वयंपाकघरात घ्यायचात. आम्ही पोरी चटईवर ओळीनं बसलेल्या, आणि तुम्ही ओट्याकडे तोंड करून भाकरी थापताय, आमच्याकडे पाठ. थापता थापताच म्हणायचात, "तिसरीचा गंधार चढलाय," की तिसरी लाजून चूर. मी बिडकीनहून मामाकडे शिकायला आलेली, गाण्याची हौस दांडगी. काही आठवडे तुम्ही मला सोसलंत. मग एक दिवस तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणालात, "अगं, तू गायला लागलीस की मला वाटतं, काहीतरी करपलं." सगळ्या पोरी खो खो हसल्या. मी डोळे पुसत चपला शोधायला लागले, तर तुम्ही पिठाच्या हातानंच माझा दंड धरलात.

"जातीस कुठं? गळा नाय तुला, पण कान हाय. मघाशी ही चुकली तवा माझ्या आधी तू मान वर केलीस."

"तुमची तर पाठ होती," मी मुसमुसत म्हटलं.

"डब्यात दिसलं ना मला," तुम्ही फळीवरच्या स्टीलच्या डब्याकडे बोट केलंत. "ये, माझ्याशेजारी उभी राहा. भिंतीकडं तोंड कर. तोंडाकडं बघून ऐकलं की माणूस तोंडच ऐकत बसतंय."

त्या दिवसापासून माझी शिकवणी पाठमोरी झाली. बाकीच्या गायच्या आणि मी तुमच्याशेजारी उभी राहून मेथी निवडत ऐकायची. कुणाचा श्वास कुठं तुटला, कोण नुसतं ओठ हलवतंय, हार्मोनियमची कुठली पट्टी फुसकी झालीय, सगळं सांगायची. नळाचं पाणी, गॅसची फरफर, बाहेर भंगारवाल्याची आरोळी, यांतून नेमकं गाणं तेवढं वेचायला तुम्ही शिकवलंत. दहावीला पास झाले तेव्हा पोरींना तुम्ही गाण्याच्या चिजा दिल्यात आणि मला एक छोटा रेडिओ. मला वाटलं, गाता येत नाही म्हणून खेळणं देऊन बोळवण केली. फार राग आला होता. आज तोच रेडिओ आठवून मी हसते, कारण माझी रोजीरोटीच कानावर चालते. चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात गिअरबॉक्स फिरवून बघायचं आणि आवाजावरून ठरवायचं, पाठवायचा की परत खोलायचा. हे ऐकून तुम्ही नक्की म्हणाला असतात, "चला, कुणाचं तरी करपलेलं हिला कळतंय."

रविवार मात्र माझा. आपल्या गावात मोठ्या मैफिली मोठ्या हॉलात होतात, त्यांचं रेकॉर्डिंग करायला मोठी माणसं असतात. मी छोट्या जागी जाते. सोसायटीचा हॉल, देवळाचा सभामंडप, दर्ग्याचं अंगण, वाचनालयाच्या वरची खोली. हातात मावेल असा रेकॉर्डर, दोन बारीक माइक, एक स्टँड, हेडफोन आणि सेलची पाकिटं, एवढा संसार एका पिशवीत बसतो. अशा जागी लोक फार सुंदर गातात-वाजवतात, आणि सतरंजी झटकली की त्यातलं काही उरत नाही. ते उरावं, एवढीच माझी हाव.

आता खाँसाहेबांचं सांगते. जुन्या शहरात राहणारे म्हातारे सारंगिये. सारंगी बोटांच्या टोकांनी नाही वाजवत, नखांच्या मुळाशी तात दाबून वाजवतात हे तुम्हाला मी काय सांगणार! त्यांची बोटं आता सुजतात. मुलाचं मोबाइलचं दुकान आहे, नातवाला सारंगी नको. त्यांनी स्वतःच जाहीर केलं की वाचनालयाच्या हॉलमध्ये एकदा वाजवीन आणि मग लोकांसमोर सारंगीचा गज उचलणार नाही. आणि बाई, एवढ्या आयुष्यात त्यांचं एकही धड रेकॉर्डिंग नाही, कारण ते कुणाला करूच देत नव्हते. मी घरी विचारायला गेले तर हातच जोडले.

"नक्को बेटी. पिछली दफा किसी ने फोन पे लिया. मैं सुना तो पतरे पे कील घसीटे सरीका लगा. वो मेरी सारंगी नै थी."

मी चिवट. चहा घेतला, सुनेशी ओळख काढली, तिचं माहेर पैठणचं निघालं, आणि हलायचं नाव घेतलं नाही. शेवटी ते म्हणाले, "ठीक है. लेकिन बजा के होते ही मैं उधरीच सुनूंगा. पसंद नै आया तो मेरे सामनेच मिटा देना. मंजूर?" मी मंजूर म्हणून बसले. बाहेर गल्लीत आल्यावर कळलं, काय कबूल करून बसले ते. म्हणजे जे काही होणार ते एकदाच होणार, आणि नाही आवडलं तर त्यांची सारंगी माझ्याच बोटानं पुसली जाणार.

पण त्या घरातच मला एक गोष्ट सापडली होती. त्यांनी मूड आला म्हणून पलंगावर बसून थोडं वाजवलं होतं, आणि खोली एवढीशी की मला जागा मिळाली ती त्यांच्या पाठीमागं, खिडकीच्या कट्ट्यावर. समोरून सारंगी ऐकताना गजाची खरखर आधी येते, सूर तिच्या मागून. मीही आजवर सगळ्यांसारखा माइक समोर, गजाजवळ लावायची. पाठीमागून, खांद्यावरून ऐकली तर ती खरखर विरलेली, आणि सूर सबंध, ओलसर, माणसाच्या छातीतून यावा तसा. मला एकदम तुमचा ओटा आठवला. मी ठरवलं, माइक त्यांच्या डाव्या खांद्यामागं, त्यांच्या कानाच्या उंचीला.

कार्यक्रमाच्या सकाळी पहिला आक्षेप फोटोवाल्याचा. "ताई, खाँसाहेबांच्या डोक्यातून दांडी निघाल्यासारखी दिसतीय फोटोत." मी म्हटलं, दिसू दे. दुसरा प्रश्न मोठा. एप्रिल, वर पत्र्याचं छत, हॉल खच्चून भरलेला, आणि दोन्ही बाजूंना दोन अजस्र कूलर विमानासारखे घोंघावताहेत. कूलर बंद करा म्हटल्यावर आयोजक काका कळवळले, "ताई, लोकं उठून जातीन! लई गरम होतंय, कुणाला चक्कर आली तर?" मी स्वतःच पुढं जाऊन हात जोडले. पहिल्या रांगेत कूलरच्या थेट तोंडाशी बसलेले एक टोपीवाले आजोबा म्हणाले, "बाई, आम्ही काय शेकून निघायला आलो का इथं?" लोक हसले. मी पण हसले, पण आतून रडायच्या बेतात. या घोंघाटात गजाचं हळू वाजवणं वाहून जाणार होतं. तबलजी सारंगीशी सूर जुळवायला लागले, तर त्यांनाही नीट ऐकू येईना. खाँसाहेबांनी वर पाहिलं. नुसता गज मांडीवर ठेवून बसून राहिले.

मग काकांनीच तोड काढली. ते माइकवर म्हणाले, "मंडळी, वाजवणं चालू तवर कूलर बंद. सत्काराला कूलर चालू." मागून कुणीतरी ओरडलं, "मंग सत्कार लांबवा!" असा हशा उसळला की सगळ्यांचा हट्टच विरघळला. टोपीवाले आजोबा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि आपल्या हातानं बटण बंद करून आले. "व्हय, ऐकू तर द्या," म्हणाले, जणू अडवत होते ते दुसरेच कुणी. दुसरा कूलर थांबला आणि बाई, हॉल असा शांत झाला की खालच्या रस्त्यावरचा रिक्षावाला थुंकलेलासुद्धा हेडफोनमध्ये आला.

खाँसाहेबांनी तोडी घेतली. मी त्यांच्या पाठीमागं, स्टँडच्या शेजारी, मांडी घालून. लोक रुमालानं वारासुद्धा घेईनात, आवाज होईल म्हणून. घाम हनुवटीवरून टपटप गळतोय, बायकांचे पदर ओले, आणि कुणी हलत नाही. माझ्या कानात ती सारंगी, आणि मला इतकं सुख होतंय की मध्येच भीती वाटते, रेकॉर्डर चालू आहे ना? लाल दिवा बघते, आकडे पळताना बघते, पुन्हा ऐकते. आपल्या गावच्या उकाड्यात भरल्या हॉलनं एका म्हाताऱ्यासाठी कूलर बंद ठेवले, यावर कोण विश्वास ठेवेल! मला माझ्या गावाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. नंतर सत्कार झाला, तोही खरंच लांबवला. कूलरसमोर उभं राहून लोक टाळ्या वाजवत होते.

मग ती वेळ आली. हॉल रिकामा होत होता. खाँसाहेब खुर्चीत बसले, मी हेडफोन त्यांच्या टोपीवरून नीट बसवले, बटण दाबलं आणि पुसायचं बटण कुठलं ते मनातल्या मनात शोधून ठेवलं. ते डोळे मिटून ऐकू लागले. चेहरा दगडी. काका माझ्याकडे बघतात, मी जमिनीकडे. सुजलेली बोटं गुडघ्यावर हलायला लागली, आधी नकळत, मग ठाम, जिथं मींड आहे तिथं घसरत. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, ते भरलेले होते.

"येइच," ते म्हणाले. "इत्ते साल से ये मैं अकेलाच सुन रहा था. अब सब सुनेंगे. रख ले बेटी, रख ले."

काकांनी मला मिठी मारली, बाई, भर हॉलात, दोघं घामानं चिंब. मी रडले, हसले, खाँसाहेबांच्या पाया पडले, आणि जिन्यावरून उतरताना दोन-दोन पायऱ्या उड्या मारल्या, या वयात. रेकॉर्डिंगच्या प्रती करून ठेवल्यात, एक खाँसाहेबांच्या मुलाच्या दुकानात दिलीय, एक वाचनालयात. आता ते राहणार. हे माझ्या हातून झालं, हे मी न लाजता सांगते.

आता तेवढं एक राहिलं. रेकॉर्ड करणाऱ्यानं श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा असतो, तोंडून चकार शब्द काढायचा नसतो. ऐकता ऐकता खाँसाहेबांनी एका जागी बोट वर केलं होतं. द्रुत संपता संपता त्यांनी कोमल धैवतावर गज असा थांबवलाय की जीव गोळा होतो, आणि तिथं, अगदी जवळून, एक "आहा" आलाय. "ये कौन है?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पब्लिकमधलं कुणीतरी असेल. काढून टाकते." ते म्हणाले, "नक्को. जिसने बी किया, सही जगह पे किया."

बाई, पब्लिकमधलं कुणी नव्हतं. ती मी होते. त्यांना अजून सांगितलेलं नाही.