सीताफळाची बी

ता. ३ ऑक्टोबर १९३७
दोधूला मधुमेह निघाला. मी रडले नाही. हा रोग माझ्या ओळखीचा आहे. याच रोगात मी यांना, दोधूच्या बापाला, वर्षानुवर्षं सांभाळलं. भाकरी मी मोजायची, कुरकुर त्यांनी करायची. शेवटी गेले ते छातीच्या कळेने, मधुमेहाने नव्हे. लोक हे विसरतात.

नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, मधुमेह दोन तऱ्हांचा. जाड माणसाचा खाणं तोडलं की आवरतो. वाळत जाणाऱ्याचा इन्सुलिनच्या सुईशिवाय आवरत नाही. दोधू तिशीचा, मधल्या अंगाचा, त्याचा कुठला ते आज सांगता येत नाही. सुरतेहून इन्सुलिन मागवू, टोचून पाहू.

टोचून पाहू! ठाऊक नसताना फी मात्र घेतली. मी म्हटलं, नाक बापाचं, चाल बापाची, मग रोग काय शेजाऱ्याचा येईल? सुई नको सांगून बैलगाडी वळवली.

ता. ४
यांच्या वेळचं वैद्यकाचं पुस्तक काढलं. मी स्वतः अक्षर लावत लावत वाचलेलं पहिलं पुस्तक. नियम ठरवले. एका वेळी एक भाकरी, मेथी, ताक. गूळ कोठीत, किल्ली माझ्या कमरेला. सून जसोदा म्हणाली, कापूस वेचणीचे दिवस, माणूस एवढ्यावर कसा उभा राहील? मी म्हटलं, तुझा सासरा राहिला होता.

ता. ९
डॉक्टरांनी दिलेल्या निळ्या औषधात लघवी उकळली. पहिल्या दिवशी विटेसारखी लाल झाली होती, आज हिरवट, म्हणजे साखर उतरली. डॉक्टरांना जमलं नसतं.
दोधू म्हणाला, माय, मन्ही भूक मरत नही, मीच मरी ऱ्हायनू. थट्टा अगदी बापासारखी. भाकरी अर्धी केली.

ता. १४, दसरा
सोनं लुटायला गेला तो मारुतीच्या पारावरच बसला. ढोंग. शेजारची दगूबाई भर रस्त्यात म्हणाली, बाई वं, पोऱ्या पार वाळी गया. तिला एक अक्षर वाचता येत नाही. अंगावरचं जास्तीचं उतरतंय, एवढंच.

ता. १७
चोरी सापडली! दोधूच्या तोंडाला पिकल्या सीताफळाचा वास. सकाळी ओकलाही. चोरून खाल्लेलं कसं पचेल? दोधू म्हणाला, त्याने फळ पाहिलंसुद्धा नाही. बायकोला पाठीशी घालतो.
जसोदेला उभं केलं. म्हणाली, आत्याबाई, मन्ही आण शे, मी काहीच दिधं नही. वर शहाणपणा, डॉक्टरले बलाव्हा. मी म्हटलं, नवरा खायला निघालीस तू. दुपारी तिला तळोद्याला माहेरी धाडली. दोधू दाराची चौकट धरून उभा होता. हाक मारायचं त्राण नव्हतं, ते बरंच झालं.

ता. १९
जसोदा नाही, तरी वास आहेच. म्हणजे साठा घरातच. फडताळ, गाडगी, उशी सगळं पाहिलं. आता फक्त ताक. खोलीला कडी.
डॉक्टरांचा निरोप आला, वाळत असेल तर असेल तसा त्याला घेऊन या. बाटली खपवायची असेल.

ता. २१
आज खायला मागितलं नाही. पहिल्यांदाच. शांत पडून आहे. श्वास तेवढा मोठमोठा, विहिरीचं पाणी शेंदणाऱ्यासारखा. यांना इतकी शिस्त कधी लागली नाही.
दिवाळीपर्यंत हिंडायला लागेल. मग मी स्वतः तळोद्याला जाऊन जसोदेला आणीन. तिला माफ करायचं ठरवलं आहे.

ता. २२
दोधू उठत नाही. दगूबाईच्या नवऱ्याने न विचारता गाडी पाठवून डॉक्टरांना आणलं. ते दारातच थांबले. वास घेतला. खाली बसले. म्हणाले, वाळणाऱ्यातला होता. हा वास फळाचा नाही बाई, रोगाचा आहे. फार उशीर झाला.
मी म्हटलं, नीट बघा, यांना असा वास कधीच येत नव्हता.
ते म्हणाले, तेच. त्यांचा रोग दुसऱ्या तऱ्हेचा.
सूर्य बुडताना दोधू गेला.

ता. ५ नोव्हेंबर
जसोदा आली आहे. कपाळ पुसलेलं. दोघी एका चुलीवरचं जेवतो.
सीताफळाला किती बिया असतात. खाणारा लपवून लपवून किती लपवील? दोधूची गोधडी उसवली. मोरी खणली. उंबऱ्याची फट काडीने कोरली. जसोदा दारात येऊन म्हणाली, आत्याबाई, काय धुंडी ऱ्हायनात? मी काडी फटीत आणखी आत घातली.
एक तरी सापडायला हवी.
कौलांखाली अजून पाहिलं नाही. उद्या शिडी आणवते.