जिवंत माप

४ जून
आधीच सांगते, शुद्धलेखन वाईट आहे आणि टाइप करायला मला फार वेळ लागतो. एका अंगठ्याने करते. ताईने जुना फोन देताना सांगितलं, तोंडाने बोलत नाहीस तर निदान यात लिही. म्हणून.

आज आत्याकडे आले. खाली तिचा शिवणकारखाना, वर दोन खोल्या. त्यातली खिडकीची मला दिली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली! खाली आठ मशीन, एक भलंमोठं कटिंगचं टेबल, आणि सगळीकडे निळं कापड. इथे मुलींच्या शाळेचे गणवेश शिवतात. म्हणजे नववीत शाळा सोडली आणि परत शाळेच्याच कपड्यात येऊन पडले. वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं म्हटलं की माझा घसा बंद व्हायचा. इथे मशीनच इतकी बोलतात की मी गप्प आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मस्त वाटतंय.

१ जुलै
आज मला खरं काम मिळालं. कटिंग करतात ते मास्तर, आत्यापेक्षाही जुने. सगळे कारखाने तक्ता बघून कापतात, मास्तर माणूस बघून कापतात. ते म्हणतात, कागद बघून शिवलेला शर्ट कागदालाच बसतो. म्हणून मधल्या नंबरासाठी दर महिन्याच्या एक तारखेला एका मुलीचं अंगावर माप घ्यायचं, त्यावरून खाकी कागदाचा नवा फर्मा कापायचा, आणि त्या फर्म्यावर सगळा माल. आधीची मुलगी लग्न होऊन गेली. आता मी. खांदा चौदा, बाही एकवीस, मनगट सहा.

काजे करणाऱ्या मावशी म्हणाल्या, सांभाळून गं, मास्तरांनी बायकोलासुद्धा टेप लावूनच पसंत केली. मास्तर हसले नाहीत. फर्म्यावर तारीख घालून त्यांनी तो खिळ्याला लटकवला. बिनडोक्याची, बिनहाताची मी.

२ सप्टेंबर
चपला परत घट्ट. जूनपासून हा तिसरा जोड. आत्या म्हणते, तुझे पाय आहेत की होड्या, पण हसून म्हणते. वाढीचं वय आहे म्हणते.

सुई टोचू नये म्हणून घालतो ते अंगुस्तान बोटात अडकलं. साबण लावून मावशींनी ओढून काढलं, बोट सोललं. तेच अंगुस्तान जुलैत सैल होतं म्हणून मी आत चिंधी घालायचे.

सकाळी उठले की कपाळामागे दुखतं. डोळ्यांच्या बरोबर मागे. आणि घाम. उशी पिळता येईल इतका.

९ ऑक्टोबर
शाळेने तीनशे शर्ट परत पाठवले. बाह्या बोटांवर येतात, खांदे लोंबतात. आत्या एकटीच गठ्ठे सोडत बसली, ते जास्त वाईट.

मास्तर तेव्हापासून जेवलेले नाहीत. टेप ताणला गेला असेल म्हणून नवा आणला. टेबलाची पट्टी तपासली. कापड भिजवून, वाळवून मोजलं. तीन दिवस कारखान्यातली एकेक वस्तू मोजली. मला मोजलं नाही. माप म्हणजे मीच ना. माप कसं चुकेल.

मी काही बोलले नाही. माझी बाही बावीस आणि वर पाव झाली, हे मला एक तारखेलाच टेपवर दिसलं होतं.

१२ नोव्हेंबर
आत्या गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेली. चार महिने पाळी नाही. जाताना तिने मला एक प्रश्न विचारला, तो मी इथे लिहिणार नाही. मी नाही म्हटलं. तिने माझ्या पोटाकडे बघितलं.

डॉक्टरनी बघितलं वजन. म्हणाले खाणं कमी करा, गोड बंद, चालायला लावा. हात बघितले नाहीत. मी मांडीवर पसरून ठेवले होते, त्यांना दिसावेत म्हणून.

ट्रायलच्या आरशात तोंड बघितलं. खालच्या दातांमध्ये फटी पडल्यात. हनुवटी पुढे आलीय. नाक माझं नाही. डोळे तेवढे माझे. कुणीतरी आतून अंगात घुसतंय आणि त्याला माझं माप लहान पडतंय.

६ डिसेंबर
बाजूची माणसं नाहीशी होतात.

खरंच. मावशी माझ्या उजवीकडे बसतात. समोर बघितलं की मावशी नसतात. काळोख पण नसतो. काहीच नसतं. मग हात येतो नुसता, कात्री मागायला. आज ओरडले. सगळ्या मशीन थांबल्या.

दुपारी इस्त्रीला कोपर लागलं. ती डावीकडे होती.

चष्म्याच्या दुकानात नेलं. समोरची अक्षरं वाचायला लावली. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. ते म्हणाले डोळे ठणठणीत. घरी येताना आत्या म्हणाली, कामाचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग. सांगायचं होतं की अक्षरं समोर होती. बाजूला कुणी काही धरलंच नाही –

२ जानेवारी
मास्तरांनी काल मला मोजलं. दोनदा. नवा फर्मा कापला, मग टेप गळ्यात न घालता टेबलावर ठेवला.

आज खिळ्यावरचे सगळे फर्मे काढले. जुलै खाली, त्यावर ऑगस्ट, त्यावर सप्टेंबर. एकावर एक. सातही. टेबलाभोवती सगळ्या बायका. प्रत्येक कागद खालच्याला गिळत होता. सगळ्यात खाली मी होते, दिसत नव्हते.

मावशींनी तोंडाला पदर लावला.

मास्तर आत्याला म्हणाले, "टेप बरोबर होता, बाई. पोरगी बदलतेय. आपण कापड भिजवून बघितलं, पोरीला विचारलं नाही."

आत्या खाली बसली. मग मला जवळ घेतलं. मी तिच्यात मावत नाही आता.

१९ जानेवारी
मोठं हॉस्पिटल. तीन खिडक्या, चार रांगा. मास्तरांनी फर्मे गुंडाळी करून दिले होते. आत्याला लाज वाटत होती, कागद काय दाखवायचे.

या डॉक्टरीणबाई. कागद जमिनीवर पसरले त्यांनी. गुडघ्यावर बसून तारखा वाचल्या. मग म्हणाल्या, "हात दाखव."

पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं.

मग मला समोर बघायला लावून बाजूने बोट आणलं. कधी दिसतं सांग. मी गप्प. त्यांना वाटलं लाजतेय. बोट नाकापाशी आलं तेव्हा दिसलं.

त्या हळू बोलल्या. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. वाढ तिच्या हुकमाने होते. तिथे बहुतेक गाठ आहे, ती हुकूम देतच राहते. तीच डोळ्यांच्या नसा दाबते. नाकातून ऑपरेशन करून काढतात. आत्याने विचारलं, नजर परत येईल का. त्या म्हणाल्या, लवकर केलं तर पुष्कळदा येते. उशीर किती झालाय ते स्कॅनवर कळेल.

भुताचं नाव कळलं. तरी ते आत आहेच.

२७ जानेवारी
स्कॅनच्या नळीत घातलं. ठोकल्यासारखा आवाज. हलायचं नाही. आत मी आणि ते, दोघंच –

रक्त पाच वेळा. साखरेचं पाणी पाजून परत.

२९ जानेवारी
कडा जवळ आल्यात. काल दार दिसत होतं अख्खं. आज कडी.

आत्या डाव्या बाजूने धरते. ती आहे की नाही हे हातावरून कळतं.

३० जानेवारी
बाहेर बाकावर. स्कॅनचं आज सांगणार. आत डॉक्टरीणबाई आणि दुसरे दोघं. मघापासून बोलतायत. दार बंद.

फोन नाकापाशी धरून लिहितेय. अक्षर दिसतं, पुढचं नाही.

आत्या म्हणतेय घाबरू नको. तीच माझा हात सोडत नाही –

आता सगळे उठून खिडकीकडे पळाले. खाली रस्त्यावर संत्र्यांचा ट्रक उलटलाय म्हणे. कुणाला लागलं नाही. नुसती संत्री, पार चौकापर्यंत. नर्सबाई पण हसतायत. आत्या ओढतेय, चल, बघ तरी. दार उघडलं, माझं नाव घेतायत पण आत्या खिडकीशी, मी बघतेय, एक संत्रं दिसतंय, एकच, आणि त्याच्या बाजूचं आत्या सांगतेय –